‘नालानी वावर खाई टाकं’ : इरोजन या एका शब्दाची भिंत करताना ठेवलेल्या नोंदी

१ जून

सुरुवात एका उत्तरपत्रिकेपासून झाली. नववीच्या पोराला विचारलं होतं, सॉइल इरोजन म्हणजे काय. त्यानं लिहिलं, ‘मातीला गंज लागणे.’ मी इंग्रजीचा शिक्षक. आधी हसलो आणि मग लाल पेन हातातच राहिलं. पोरानं इरोजन (माती झिजून वाहून जाणं) आणि करोजन (गंजणं) यांची गल्लत केली होती हे उघड होतं. पण दोन्हींत ‘रोजन’ का आहे, हे त्यानं विचारलं असतं तर मला तरी सांगता आलं असतं का?

आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या काठाला. गावाबाहेर पडलं की नदीकडे उतरणाऱ्या घळी लागतात, काही इतक्या खोल की आत बैलगाडी उभी केली तर वरून दिसणार नाही. त्या घळींच्या काठावर शेळ्या राखणारं पोर इरोजनला गंज म्हणतं, ही चूक त्याची कमी आणि शिकवणाऱ्यांची जास्त.

गावच्या वाचनालयाची बाहेरची पश्चिमेकडची भिंत रिकामी होती, आठ फूट बाय पाच. समितीनं १,५०० रुपये मंजूर केले. बेत असा: एक शब्द, एक भिंत, शेजारी मातीचा छोटा प्रयोग, दोन आठवड्यांत काम संपवायचं. लागले अकरा आठवडे. दुसऱ्या कुणाला आपल्या गावात असंच काही करायचं असेल तर माझ्या चुका कामी याव्यात म्हणून हे लिहून ठेवतोय.

३ जून

पहिला मसुदा. शब्दाचा सांगाडा सोपा निघाला. लॅटिनमध्ये ‘रोडेरे’ म्हणजे कुरतडणे. त्याला ‘ए’ म्हणजे ‘बाहेर, पासून’ हा उपसर्ग लावला की कुरतडून काढणे. तिथून फ्रेंचमार्गे इरोजन. इंग्रजीत तो १५४० च्या दशकात आला, आणि आला तो शेतातून नव्हे तर वैद्यकातून. जखम किंवा व्रण मांस आतून खात जातो, त्याला वैद्य इरोजन म्हणत. गंमत म्हणजे नाम आधी आलं, इरोड हे क्रियापद त्यानंतर, सतराव्या शतकात. जमीन, डोंगर, नदीकाठ यांच्यासाठी तो रुळला तो आणखी पुढे.

करोजन त्याचा थोरला भाऊ, इंग्रजीत सुमारे १४०० पासून. तिथेही तेच ‘कुरतडणे’, फक्त उपसर्ग जोर देणारा: पार कुरतडून टाकणे. म्हणजे आमच्या पोराची गल्लत एका घरातल्या दोन भावांमधली होती. अर्धा गुण द्यायला हवा होता.

आज दोन चुका झाल्या, दोन्ही लिहितो.

पहिली: एका सहकाऱ्यानं मोबाइलवर आलेला तक्ता दाखवला. त्यात इरोजनचं मूळ ग्रीकांचा प्रेमदेव इरॉस असं दिलं होतं, ‘प्रेम माणसाला झिजवतं म्हणून’. वाचायला गोड, म्हणून मी उतरवून घेतलं. घरी येऊन शब्दकोश उघडला. इरॉस ग्रीक, इरोजन लॅटिन, दोघांचा काही संबंध नाही. खोडलं.

दुसरी: एका विद्यार्थ्याला ‘इरोड शोधून आण’ म्हटलं. तो फोनवरून हळदीच्या बाजाराची माहिती लिहून घेऊन आला. तमिळनाडूतलं ईरोड! चूक त्याची नव्हे, शब्द कोणत्या भाषेतला हे मीच सांगितलं नव्हतं. हळदीचे दोन परिच्छेद मात्र सुंदर अक्षरात होते.

८ जून

आज खरा ठेचाळलो.

भिंतीवर वापरायला मराठी शब्द पाहिजे म्हणून वर्गातल्या पुस्तकातला ‘जमिनीची धूप’ घेतला होता. माती आणायला घळीकडे गेलो. सोबत शेजारचे नाना, वय सत्तरीच्या पुढे, त्यांचं वावर अगदी घळीला लागून. त्यांना विचारलं, नाना, या धूपेनं तुमची जमीन किती गेली? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवघरातलं काही विचारतोय. मग घळीकडे हात करून म्हणाले, “नालानी वावर खाई टाकं.”

नाल्यानं वावर खाल्लं.

मी तिथेच वहीत लिहून घेतलं. तीन दिवस मी कोशातून जे खणत होतो ते हेच होतं. वावराच्या कडेला उभं राहिलं की दिसतंही तसंच: काठ सरळ कापलेला नाही, घासभर घासभर तोडलेला आहे, खाली पोकळ आणि वर बाभळीची मुळं लोंबतायत. खालून खाऊन झालं की वरचा तुकडा आपसूक कोसळतो. लॅटिन बोलणाऱ्यांनी त्याला कुरतडणं म्हटलं, नाना खाणं म्हणतात. आमच्या पाठ्यपुस्तकातल्या ‘धूप’ला मात्र दात नाहीत. पोरांना तो शब्द परका का वाटतो, ते आज कळलं.

सोबत आलेल्या पोरांपैकी एकानं विचारलं, “पानीले दात शेतस का?” भिंतीचं शीर्षक ठरलं.

(वजन: दोन पोती माती, एक काळ्या रानातली, एक घळीच्या काठावरची पिवळसर गाळाची. सायकलवरून आणू नका. एक पोतं वाटेत फाटलं.)

१२ जून

पेंटरभाऊंना कागद दिला. वर शीर्षक, खाली तीन चौकटी आणि मधली जागा मोकळी ठेवून पेन्सिलीनं लिहिलं: ‘चित्र: धूप’. मला घळीचं चित्र हवं होतं. दुपारी शाळेतून परत आलो तर भिंतीवर तांब्याचं धूपाटणं! निखारे लाल, वर धुराची वेटोळी, कडेला नाजूक नक्षी. इतकं देखणं की ओरडताही येईना.

पेंटरभाऊ म्हणाले, “सर, वाचनालयाला शोभतंय ना?”

दोष पूर्ण माझा. मराठीत तो धूप वेगळा आणि ती धूप वेगळी. कागदावर लिंग कसं कळणार? ‘ती’ एवढं एक अक्षर वाचवलं आणि ६०० रुपये मजुरीतलं अर्धं काम वाया गेलं. तुम्ही पेंटरला कागद द्याल तेव्हा चित्राचा नमुना जोडा, नुसता शब्द देऊ नका.

२१ जून

धूपाटण्याची चिंता आपोआप मिटली. भिंतीचे पोपडे निघाले.

झालं असं की ९ तारखेला वळवाची जोरदार सर आली होती. भिंत वरून कोरडी दिसत होती म्हणून १२ तारखेला प्रायमर मारला. विटांत ओल तशीच होती. ती बाहेर पडायला लागली, रंगाला फोड आले आणि नवव्या दिवशी शीर्षकातला ‘दात’ गळून पडला. पश्चिमेची भिंत, पावसाचा मारा तिकडूनच, हे मला आधी सुचायला हवं होतं. मुख्याध्यापक बघून म्हणाले, “सर, प्रात्यक्षिक आधीच सुरू केलं का?”

आता निर्णय: बाहेरची भिंत सोडली, व्हरांड्यातली आतली घेतली. जागा कमी, सहा फूट बाय चार. ४ ऑगस्टच्या आधी रंग नाही. तोवर मजकूर नीट करायचा. हे दीड महिने वाया गेले असं तेव्हा वाटलं होतं. ते वाया गेले नसते तर खालची नोंद झालीच नसती.

३० जून

धुळ्याला गेलो. कोशकार आणि इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले, आणि त्यांच्या नावाच्या राजवाडे संशोधन मंडळानं त्यांचा मराठी धातुकोश छापला. खान्देशात राहून शब्दांच्या मुळांचं काम करायचं आणि तिथे डोकवायचं नाही, हे बरं दिसत नव्हतं. बसभाडं जाऊन-येऊन २६०.

गेलो होतो ‘झिजणे’ पाहायला. संस्कृतात ‘क्षीयते’ म्हणजे कमी होत जातं. प्राकृतात त्याचं ‘झिज्जइ’ झालं आणि मराठीत झिजणे. म्हणजे चप्पल झिजते आणि क्षयरोग होतो, दोन्ही एकाच ‘क्षि’तून. छान आहे, पण यातही दात नाहीत. झीज गुपचूप होते, कुणी केली ते विचारत नाही.

परतीच्या बसमध्ये वहीतला मसुदा चाळत होतो. ‘रोडेरे’ हे मीच लिहिलेलं अक्षर खटकलं. लॅटिनमधला तो वर्ण ड नव्हे, द. जीभ दाताला लागते. आपण इंग्रजीच्या वाटेनं जातो म्हणून डोकं आपोआप ड लिहितं. मी ड खोडून द केला: रोदेरे. आणि त्याच्या शेजारी लॅटिनमधलाच ‘रादेरे’, म्हणजे खरवडणे. रेझर आणि इरेझर त्यातून आले.

रोद, राद… रद!

संस्कृतात ‘रद्’ धातू आहे: खरवडणे, कुरतडणे, खणणे. ‘रद’ आणि ‘रदन’ म्हणजे दात. हत्तीला ‘द्विरद’ म्हणतात तो याच दोन दातांमुळे. इंग्रजी अक्षरांतून पाहत होतो तोवर हे दिसतच नव्हतं. देवनागरीत नीट उच्चारासह लिहिलं आणि समोर उभं राहिलं. व्युत्पत्तीचे कोश रोदेरे, रादेरे आणि रद् यांना एकाच जुन्या मूळ धातूशी जोडतात. माझा शोध नव्हे हा, शंभरावर वर्षांचा आहे. पण शिरपूरच्या पुढे बसमध्ये मला तो मिळाला याचा आनंद कमी का मानू?

इथे एक सावधगिरी. उत्साहात मी वहीत ‘रोदेरे आणि रद् सख्खे भाऊ’ असं लिहिलं होतं. काही अभ्यासक रादेरे आणि रोदेरे यांची मुळं वेगळी धरतात, कारण स्वरांचा मेळ पक्का बसत नाही. म्हणून भिंतीवर ‘भावकीतले’ लिहिणार. गावात सख्खे आणि भावकी यातला फरक सगळ्यांना कळतो.

आणि जोडीला आणखी एक चूक: त्याच झटक्यात मी यादीत ‘रडणे’ घातलं होतं, र आणि ड दिसले म्हणून. रडण्याचा दातांशी संबंध नाही. खोडलं. शब्द सारखे दिसले की ते नात्यातले, असं धरून चाललात तर इरॉसपाशीच पोहोचाल. इंग्रजीतला रॉड म्हणजे सळई, तोही वेगळाच. रोड म्हणजे रस्ता, तो ‘राइड’च्या घरातला.

२ जुलै

काल रात्री ऋग्वेदाचं भाषांतर काढलं, कारण ‘रद्’ धातू नद्यांच्या संदर्भात कुठेतरी वाचल्याचं आठवत होतं. मिळालं. तिसऱ्या मंडलातलं ३३ वं सूक्त, विश्वामित्र आणि विपाश-शुतुद्री या नद्यांचा संवाद. नदी ओलांडायची म्हणून विश्वामित्र वाट मागतो आणि नद्या आपली हकीकत सांगतात: वज्रधारी इंद्रानं आम्हाला खणून काढलं. तिथे क्रियापद आहे ‘अरदत्’. रद् चा भूतकाळ.

म्हणजे नदीचं पात्र कोरण्यासाठी वेदात जे क्रियापद वापरलं, त्याच भावकीतला शब्द आज भूगोलाच्या पुस्तकात इरोजन म्हणून बसलाय. पंजाबातल्या नद्यांची गोष्ट, पण नानांच्या घळीच्या काठावर उभं राहून वाचली तर कुठलाही अर्थ लावावा लागत नाही.

ही चौकट भिंतीवर सगळ्यात मोठी.

७ जुलै

शब्द बाजूला, आता माती. पहिली चाचणी सपशेल फसली.

साधन: भंगारवाल्याकडून तेलाचे १५ किलोचे दोन रिकामे डबे, १२० रुपये. गावातल्या वेल्डरनं उभे चिरून चार ट्रे करून दिले, कडा आत वळवल्या, १५० रुपये. कडा वळवून घ्याच, पोरांचे हात असतात. पुढच्या बाजूला भोक पाडून त्यात बाटलीची मान बसवली, एमसील लावलं. ट्रेच्या मागे वीट ठेवून उतार दिला.

काय बिघडलं ते सांगतो. काळी माती कोरडी भरली होती. तिला भेगा पडलेल्या. झारीनं पाणी ओतलं ते सगळं भेगांत गेलं, बाहेर थेंब नाही. दहा मिनिटांनी माती फुगली, भेगा मिटल्या आणि वर तळं साचलं, कारण भोक मातीच्या पातळीपेक्षा बोटभर वर होतं. शेवटी एमसील सुटलं. डबा ओला असताना लावलं होतं, चूक माझी. सगळा चिखल व्हरांड्यात. वाचनालयाच्या ताई काही बोलल्या नाहीत, नुसती बादली आणून ठेवली.

१४ जुलै

बदल केले.

१) भोकाऐवजी ट्रेच्या पुढच्या पत्र्याला वरपासून मातीच्या पातळीपर्यंत व्ही आकाराची खाच. पाणी साचतच नाही.

२) काळी माती आदल्या रात्री ओली करून, दाबून बसवली. दोन ट्रेंमध्ये मात्र घळीकाठची गाळाची माती.

३) चार ट्रे: उघडी काळी माती, उघडी गाळाची माती, गाळाच्या मातीवर पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचे) तुकडे आणि वाळलेली केळीची पानं, आणि चौथ्यात मुळांसकट उचललेलं गवत.

चौथा ट्रे दुपारी व्हरांड्याबाहेर उन्हात ठेवला होता. शेळीनं खाल्ला. बुडख्यापर्यंत. पोरांनी लगेच जाहीर केलं की शेळीनं इरोजन केलं, आणि शब्दार्थानं ती बरोबर होती. नवं गवत रुजायला आठ दिवस गेले, पण त्या दिवशी शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला.

उरलेल्या तीनवर पाणी घातलं. हाताच्या उंचीवरून झारी धरली तर माती फारशी हलेना. इथे मला उशिरानं कळलं की पाणी वाहण्याआधी थेंब आपटतो. पावसाचा मोठा, पाच मिलिमीटरचा थेंब जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे मोटारसायकल गावातून जाते तेवढा. हातातल्या झारीतून पडणाऱ्याला तो वेग कुठून येणार? मग वाचनालयाची शिडी काढली आणि आठ फुटांवरून पाणी सोडलं. गाळाच्या मातीवर खड्डे पडले, चिखलाचे शिंतोडे पांढऱ्या कागदावर हातभर उडाले. शेतीच्या पुस्तकात याला उसळी धूप म्हणतात. पुढे वरचा थर सारखा निघतो ती सालकाढी, मग ओघळपाडी, मग घळपाडी. ‘सालकाढी’ हा शब्द मला फार आवडला. तिथे तरी कुणाच्या हातात सुरी दिसते.

दोन-दोन लिटर पाणी. खाली बाटल्यांत आलेला गढूळ रस रात्रभर निवळू दिला. सकाळी तळाशी बसलेला गाळ बोटांनी मोजला: उघडी गाळाची माती चार बोटं, उघडी काळी दोन, पऱ्हाटी-पानं घातलेली जेमतेम अर्धं. ही काही प्रयोगशाळा नव्हे, शिडीवर उभ्या पोराचा हात थकला की पाणी कमी-जास्त पडतं. पण बाटल्या शेजारी ठेवल्यावर नानांनी त्यातली पहिली उचलली, हलवली, परत ठेवली, आणि पऱ्हाटी जाळायची नाही म्हणून मुलाला फोन लावला.

२१ जुलै

दाढ दुखत होती म्हणून तालुक्याला दाताच्या डॉक्टरांकडे. माझ्या केस पेपरवर त्यांनी लिहिलं: इरोजन. मी खुर्चीतून उठायचाच बाकी होतो.

त्यांनी समजावलं ते असं. दात झिजण्याची त्यांच्याकडे तीन नावं आहेत. आम्लानं विरघळतो ते इरोजन: लिंबू, सोडा, वारंवार येणारं आंबट पाणी. ब्रश, राखुंडी, मशेरी अशा बाहेरच्या वस्तूनं घासला जातो ते अब्रेजन. आणि दातावर दात घासून झिजतो ते अॅट्रिशन. अब्रेजनचं मूळ आपला ‘रादेरे’च, खरवडणे. अॅट्रिशन मात्र वेगळ्या घरातलं, लॅटिन ‘तेरेरे’ म्हणजे रगडणे. घरोट्याच्या, म्हणजे जात्याच्या, दोन तळ्या एकमेकीला झिजवतात आणि मग टाकी लावून घ्यावी लागते, तसं. याच ‘तेरेरे’तून मळणीच्या दातेरी फळीचं नाव ‘त्रिबुलुम’ आलं आणि तिच्यावरून इंग्रजीत ट्रिब्युलेशन, म्हणजे हाल. धान्यासारखं मळलं जाणं.

दातांवरून निघालेला शब्द फिरून दातांवरच आला. फी ३०० रुपये, प्रकल्पाच्या खात्यात धरलेली नाही.

४ ऑगस्ट

दुसऱ्यांदा रंग. व्हरांड्याची भिंत. या वेळी पेंटरभाऊंना घळीचा फोटो छापून दिला. पण त्यांना मी म्हटलं, धूपाटणंही काढा, खालच्या कोपऱ्यात, छोटं. शेजारी लिहायचं: ‘हा धूप वेगळा, ती धूप वेगळी.’ त्यांचा चेहरा खुलला. मजुरी ५००, जास्तीचा रंग १८०.

भिंतीवर शेवटी काय राहिलं: वर ‘पाण्याला दात असतात का?’ डावीकडे रोदेरेची भावकी: इरोजन, करोजन, रोडंट म्हणजे उंदीर-खारीची जात, आणि रद, द्विरद. मधे मोठ्या अक्षरांत ‘अरदत्’ आणि नद्यांचं बोलणं. उजवीकडे नानांचं वाक्य अहिराणीतच, खाली अर्थ न देता. समितीतल्या एकानं ‘अहिराणी कशाला, प्रमाण मराठी लिहा’ म्हटलं. मी ऐकलं नाही. भिंतीवरचं बाकी सगळं मी कोशातून आणलं, एवढं एकच वाक्य गावातलं आहे.

‘झिजणे’ काढून टाकलं. जागा नव्हती, आणि खरं सांगायचं तर ते मधेच लक्ष वळवत होतं. धुळ्याची बस ज्याच्यासाठी केली तेच गाळलं, असं होतं.

११ ऑगस्ट

कानबाई, आमच्या खान्देशातला देवीचा सण. घरोघर रोट, वाचनालयात चिटपाखरू नाही. गवताच्या ट्रेला पाणी घातलं आणि घरी आलो.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर भिंत उघडली. भाषण मला करायला लावलं. लाकडी रोस्ट्रमजवळ उभा राहिलो आणि आठवलं की हाही त्याच घरातला. लॅटिन ‘रोस्त्रुम’ म्हणजे कुरतडणारी चोच. रोमन लोकांनी इ.स.पूर्व ३३८ मध्ये अँतियुमचं आरमार जिंकलं, त्या जहाजांच्या पुढच्या धातूच्या चोची काढून रोममधल्या भाषणाच्या चौथऱ्याला लावल्या, आणि चौथऱ्यालाच ‘चोची’ असं नाव पडलं. मी तेवढंच सांगितलं आणि खाली बसलो. सरपंच नंतर म्हणाले की आजपर्यंतचं हे सगळ्यात छोटं भाषण.

मग शिडीवरून पाणी. चारही ट्रे. गवतवाल्या ट्रेमधून आलेलं पाणी जवळजवळ स्वच्छ. एका आजींनी ती बाटली उजेडाकडे धरून पाहिली. लहान पोरांना फक्त शिंतोड्यांत रस होता. दोघांचे नवे पांढरे शर्ट गेले, त्यांच्या आयांचा रोष माझ्यावर आहे. वहीत टिपलंय: पुढच्या वेळी जुने कपडे घालून बोलवायचं.

नववीतला तो ‘गंज’वाला पोरगा सगळ्यांत पुढे उभा होता. त्यानं विचारलं, “सर, मग लोखंडाला गंज लागतो तेव्हा त्याला कोण खातं?” मी म्हटलं, हवा आणि पाणी मिळून. तो म्हणाला, “मंग मी काय चुकीचं लिहिलं होतं?”

१८ ऑगस्ट

हिशेब, पूर्ण:

पेंटर, दोनदा: ६०० + ५००
रंग आणि प्रायमर: ७४० + १८०
तेलाचे डबे: १२०
वेल्डर: १५०
एमसील: ८०
झारी, बारीक भोकांची: २२०
धुळे बस: २६०
एकूण: २,८५०

समितीचे १,५००, बाकीचे १,३५० माझे. कोरड्या भिंतीवर सुरुवात केली असती आणि कागदावर ‘ती’ लिहिलं असतं तर पेंटरची एक मजुरी आणि १८० चा रंग वाचला असता, म्हणजे सातशेच्या आसपास. धुळ्याची बस मी वाचवली नसती.

करणाऱ्यांसाठी दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. ट्रे वापरून झाले की त्यातली माती काढून पालथे घाला, नाहीतर पत्र्याला आठ दिवसांत गंज चढतो. आमच्या दोन ट्रेंना चढला आहे. आणि भिंतीवरची लॅटिन नावं लिहिण्याआधी उच्चार पेंटरला वाचून दाखवा. आमच्याकडे ‘रोदेरे’मधला द आजही थोडा ड सारखा दिसतो, पेंटरभाऊंनी बारीक ब्रश आणला की पुढच्या रविवारी नीट करायचा आहे.